नऊ नंबरचं झाकण

आमच्या संस्थेत माझ्या पाठीमागे मला काटाबाई म्हणतात, हे मला बावीस वर्षांपासून ठाऊक आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही. तेवढी छाती असलेला माणूस अजून नोकरीला लागायचाय. पण नाव काही वाईट नाही. वजनकाट्यावर बसणं हेच माझं काम, आणि काटा समोरच्याचं तोंड बघून वजन सांगत नाही. हा गुण मला माणसांत फारसा आढळलेला नाही.

संस्था आहाराच्या संशोधनाची. लोक काय खातात आणि किती खातात, ते शोधून काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाला विचारा, काल काय खाल्लं, तर तो काल काय खायला हवं होतं ते सांगतो. भाजी वाढते, बिस्किटं गायब होतात. म्हणून शेवटी सगळं माझ्या काट्यापाशी येऊन थांबतं.

या खेपेला परीक्षा एका ऑनलाइन नोंदवहीची होती. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसभरात खाल्लेलं सगळं फोनवर भरायचं. पदार्थ निवडायचा, मग लहान-मोठ्या वाढपाची चित्रं येतात, त्यातल्या एकावर बोट ठेवायचं, शेवटी किती उरलं ते सांगायचं. ती बनवणारा एक चष्मेवाला तरुण आमच्याकडे येऊन बसला होता. आपल्या लेकराला शाळेत घालताना बापाचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा असायचा. नोंदवही किती खरी, हे कळायला तिच्याशेजारी ठेवायला एक पक्कं सत्य लागतं. ते पुरवायचं काम माझं.

पद्धत अशी. बारा मुलं. शाळा सुटली की दुपारचं जेवण आमच्याकडे. प्रत्येकाला पांढऱ्या चिनी मातीचं झाकणाचं भांडं, झाकणावर लाल रंगात नंबर. भरताना झाकण बाजूला, काटा शून्यावर आणून अन्न मोजून घालायचं. मुलं पलीकडच्या खोलीत जेवतात, उरलंसुरलं भांड्यातच ठेवून झाकण लावतात आणि फळीवर ठेवून जातात. मी बंद भांडं काट्यावर ठेवते, वहीतलं रिकाम्या भांड्याचं झाकणासकट वजन वजा करते. राहिलं ते उरलेलं अन्न. मुलांना हे वजन होतं याची कल्पना नसते, त्यांच्या आईवडिलांना असते.

आणि झाकण उघडून बघायचं नाही. हा माझा नियम, मीच घातलेला. उघडून पाहिलं की मन मध्ये लुडबुड करतं. अर्धं उरलंय असं डोळ्याला वाटलं, की हात काट्यावरचा आकडाही तसाच वाचायला लागतो. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे शिकवलंय. दर सोमवारी रिकाम्या भांड्यांचं पुन्हा वजन करायचं, हेही मीच शिकवलंय. त्यावर पुढे येतेच.

बारांतल्या एका मुलाने आयत्या वेळी पाय मागे घेतला. आमच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, मला म्हणाल्या, "बाई, तुमची भाची आहे ना पंधरा वर्षांची? चालेल ती. फक्त घरी या विषयावर चकार शब्द काढायचा नाही."

"मी आणि शब्द काढणार?" मी म्हटलं.

माझी भाची बिट्टी. धाकट्या बहिणीची मुलगी. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. बहीण नर्स आहे, आठ महिन्यांपूर्वी दोन वर्षांच्या करारावर परदेशी गेली आणि बिट्टीला माझ्याकडे ठेवून गेली. मी एकटी राहणारी बाई. लग्न, मुलं या भानगडीत पडले नाही. पोरीला काय हवं-नको ते मला कळेना, तेव्हा मला जे येतं ते मी केलं: तिच्या खाण्यावर लक्ष ठेवलं. ती बारीक, अबोल, मनगट तर दोन बोटांत मावेल असं. रात्रीचं जेवण वाढायचं, तिला हाक मारायची आणि समोरच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसायचं. मी स्वतः शेगडीशी उभ्या उभ्या खाऊन घेते, जुनी सवय. भांड्यातून चव घेता घेता माझं पोट भरतं.

बिट्टीला नऊ नंबर मिळाला. पहिला आठवडा सुरळीत गेला. तीन नंबरचा मुलगा रोज गाजरांपुढे "सगळी उरली" असं भरायचा आणि ती खरोखरच सगळी उरायची. गाजराच्या बाबतीत मुलं खोटं बोलत नाहीत. अकरा नंबरची लोणी विसरायची. नऊ नंबर चार-पाच ग्रॅम इकडे तिकडे, म्हणजे सोन्यासारखं. मी मनातल्या मनात शेफारले. भाची कोणाची!

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी नऊ नंबरचं भांडं काट्यावर ठेवलं, तर उरलेलं साठेक ग्रॅम. फोनवर तिने भरलं होतं, "सगळं संपवलं." म्हटलं, असेल एखादा दिवस. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी तेच. सोमवारी तेच. मुलगी अन्न ठेवत होती आणि खाल्लं म्हणून भरत होती.

त्या रात्री मी आपला शब्द मोडला.

"दुपारी जेवलीस नीट?" मी विचारलं.

"हो."

"सगळं?"

"हो, मावशी."

"बिट्टी, माझ्यापाशी खोटं बोलू नकोस. मला सगळं कळतं."

तिने काटा-चमचा खाली ठेवला. मोठ्याने बोलणाऱ्यातली ती नाहीच. म्हणाली, "मग तूच सांग, मी काय खाल्लं ते." आणि उठून खोलीत गेली. ताटलीत अर्धे बटाटे तसेच राहिले, म्हणजे माझ्या हातात आयताच आणखी एक पुरावा.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी तपासणीसाठी नोंदींचे कागद छापून दिले. दुपारचं जेवण तेवढं पडताळायचं होतं, पण दिवसभराच्या नोंदी त्यात असतातच. शेवटच्या रकान्यात प्रश्न, "कोणाबरोबर जेवलात?" पर्याय तीन: एकटे, घरच्यांबरोबर, मित्रमैत्रिणींबरोबर. नऊ नंबरच्या रात्रीच्या जेवणापुढे रोज एकच उत्तर. एकटे. एकटे. एकटे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज हातभर अंतरावर बसते मी! पापणी लवत नाही माझी! आणि ही पोरगी म्हणते एकटी? जिला एवढं धडधडीत खोटं भरता येतं, तिच्या साठ ग्रॅमचं काय घेऊन बसलात? त्याच संध्याकाळी मी बहिणीला लिहून टाकलं: पोरगी जेवत नाही, वर खोटं बोलते, माझ्याच्याने सांभाळणं होणार नाही. वसतिगृहात ठेव, तिथे लक्ष ठेवायला चार माणसं असतात.

बहिणीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "ताई, तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार. तू कधी चुकत नाहीस. शनिवारी सकाळी वसतिगृहाच्या बाईंना फोन करून जागा पक्की करते. तिला मी सांगितलंय."

गुरुवारी घरी आले तर बिट्टीच्या खोलीचं दार उघडं होतं. कपाटाचा वरचा खण रिकामा, पुस्तकं पिशवीत उभी लावलेली, उंचीप्रमाणे. ती पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. रडत असती तर मला बरं वाटलं असतं. मी दारातूनच "चहा घेणार?" असं विचारलं आणि ती "नको" म्हणाली.

शुक्रवारी मॅडमच्या खोलीत बैठक झाली. त्या, मी आणि चष्मेवाला. नऊ नंबरचं काय करायचं, हा प्रश्न.

"वगळून टाका," मी म्हटलं. "माझी भाची आहे म्हणून गय करू नका. ती अन्न ठेवते आणि खाल्लं म्हणून भरते."

मॅडमनी पेन उचललंच होतं. चष्मेवाला कागदात नाक खुपसून बसला होता. तो म्हणाला, "एक मिनिट. बाई, हे फरक बघितलेत? अठ्ठावन्न. एकोणसाठ. सत्तावन्न. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. मधे एकदा तिने 'थोडं उरलं' असं भरलंय, वीस ग्रॅमचं चित्र. त्या दिवशी काट्यावर अठ्ठ्याहत्तर. पुन्हा फरक अठ्ठावन्नच."

"मग?"

"मग, खोटं बोलणारं माणूस रोज मोजून तेवढंच कसं खोटं बोलेल? आज सूप, उद्या भात, परवा अंडी. आणि फरक ग्रॅमभरापलीकडे हलत नाही?"

"म्हणजे तुझी नोंदवही खरी आणि माझा काटा खोटा?" माझा आवाज चढला. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "बाई, सोमवारची रिकामी वजनं बघून घेतलीत ना?"

"बघते," मी म्हटलं आणि बाहेर पडले. घेतलेलीच नव्हती. सुरुवातीला एकदा घेतली तेवढीच. चिनी मातीचं भांडं काय महिन्याभरात अंगाने भरतं? बावीस वर्षांत कधी भरलं नव्हतं. नवीन मुलींना दर सोमवारी हेच काम करायला लावणारी मी, स्वतःवर पाळी आली तेव्हा वहीतला जुना आकडा पुढे ओढत राहिले होते. पण तरीही मला वाटत होतं, की भांडं काट्यावर ठेवायचं, जुनाच आकडा दिसेल आणि मी त्या चष्मेवाल्याच्या तोंडावर तो आकडा मारीन.

मोरीपाशी भांडीकाका होते. साठीला टेकलेले, शांत, हात सदानकदा पाण्यात. दुपारची भांडी धुऊन जाळीवर पालथी घालत होते.

"काका, नऊ नंबर कुठाय?"

"हे काय, पहिलंच धुतलं. त्याला धुवायला काय लागतं? चाटूनपुसून येतं ते. पोर मोठी गुणी, दाणा ठेवत नाही."

मी जागच्या जागी उभी राहिले. "रोज?"

"रोज. एकदा थोडे वाटाणे होते, बास. तुम्हाला ठाऊक असेल म्हणा, तुम्हीच वजन करता."

मला ठाऊक नव्हतं. तीन आठवडे रिकामं भांडं झाकण लावून माझ्या हातात येत होतं, आणि मी ते नियमाने उघडत नव्हते. मी भांडं पुसून कोरडं केलं, झाकण लावलं, काट्यावर ठेवलं. वहीत लिहिलं होतं सहाशे चाळीस. काटा म्हणाला सहाशे अठ्ठ्याण्णव.

मग मी झाकण उचलून उजेडात धरलं. पांढरं तसंच, पण कड जाड, मुठीचा आकार जरा गोल. लाल नऊ आकडा छान वळणदार, माझ्या हातचा नव्हे. माझा नऊ जरा कुबडा येतो. मी काकांकडे वळले. त्यांनी नळ बंद केला होता.

"बाई, हातातून निसटलं," ते म्हणाले. "दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी. कोठीत जुन्या संचातलं एक पडलं होतं, बरोब्बर बसलं. नंबर मी काढला. झाकणाचं वजन धरतात हे मला काय माहीत?"

"मला सांगायचं नाही का?"

काकांनी पंच्याला हात पुसले, सावकाश, एकेक बोट. "मागे तो कप फुटला होता, आठवतंय? तुम्ही तीन दिवस कोणाशी बोलला नव्हता. तो फोडणारी पोरगी नोकरी सोडून गेली. म्हटलं, कशाला?"

मला खूप बोलायचं होतं. सवयीने शब्द जिभेवर आलेही होते. पण त्या मोरीपाशी उभं राहून मला एकच दिसत होतं, उंचीप्रमाणे लावलेली पुस्तकं. काकांना म्हटलं, "तुमची चूक नाही," आणि माझ्या तोंडून हे वाक्य आलेलं बघून तेच घाबरले.

मॅडमच्या खोलीत जाऊन मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. झाकण बदललं, सोमवारची वजनं मी घेतली नाहीत, नऊ नंबरच्या सगळ्या नोंदी बरोबर आहेत आणि माझे आकडे चूक. शिवाय घरी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतंत, तरी मी बोलले. मॅडमनी कपाळाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. त्यांनी त्रुटींची वही पुढे केली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "वजन करणाऱ्याची चूक," आणि सही केली. बावीस वर्षांत त्या वहीत माझी सही पहिल्यांदा आली. चष्मेवाल्याने मोठं मन दाखवून खिडकीबाहेर बघितलं. मी त्याला म्हटलं, "तुझी नोंदवही चांगली आहे." त्याचे कान लाल झाले.

घरी आले तेव्हा बिट्टी टेबलाशी अभ्यास करत होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही. तिच्यासमोर फोन ठेवला, बहिणीला लावला, स्पीकर चालू केला.

"मी बोलतेय. उद्या वसतिगृहाला फोन करू नको. पोरगी जेवते. सगळं जेवते. खोटं ती बोलली नाही, मी मोजायला चुकले."

बहीण म्हणाली, "ताई, तू चुकलीस?"

"चुकले म्हणतेय ना! किती वेळा म्हणायला लावशील?"

"मी तिला काय काय बोलले माहितीये? तुझ्या शब्दावर." ती म्हणाली. "आता मी काही ठरवणार नाही. तिलाच विचार, तुझ्याकडे राहायचंय का. सकाळपर्यंत मला कळव."

फोन बंद झाला. बिट्टी वहीकडे बघत होती. मी झाकणाची सगळी हकिकत सांगितली, काकांचा नऊ आणि माझा कुबडा नऊसुद्धा. ती ऐकत राहिली. "चुकलं माझं, बिट्टी," मी म्हटलं. माफी मागायची कशी हे मला नीट येत नाही, तेव्हा तेवढंच म्हटलं. तिने मान हलवली. त्यातून हो कळेना की नाही. राहायचंय का, हे विचारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी स्वयंपाकाला लागले.

बटाटे परतले, अंडी केली, ताटलीत वाढलं. शेगडी पुसली, ओटा पुसला, कढई घासली, मग हाक मारली. ती येऊन बसली. मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि हाताची घडी घातली. ती खायला लागली. तेव्हा मला ते कागद आठवले आणि राहवलं नाही.

"एक विचारू? रागावत नाही. रात्रीच्या जेवणापुढे तू रोज एकटी असं का भरतेस? मी इथेच तर असते."

बिट्टीने घास संपवला. "मावशी, कोणाबरोबर जेवलात, असं विचारलंय तिथे," ती म्हणाली. "कोण बघत होतं, असं नाही विचारलेलं."

आठ महिने. मी उठले, माझ्यासाठी ताटली काढली आणि कढई घासून पालथी घातलेली, म्हणून तिच्याच ताटलीतून दोन चमचे बटाटे घेतले. ती हसली नाही, पण ताटली माझ्याकडे सरकवली. मी घास घेतला.

बटाटे गार होते. गार म्हणजे अगदी गारढोण. मी रोज शेगडीवरून गरम गरम खायची, आणि हिचं वाढून ठेवून, ओटा लख्ख करून मग हाक मारायची.

"अगं, हे गार आहेत!"

"रोजच असतात," बिट्टी म्हणाली.

"आणि तू बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस. किती खाल्लं तेवढंच विचारायचीस."

मी दोन्ही ताटल्या उचलल्या, घासलेली कढई पुन्हा शेगडीवर चढवली, बटाटे गरम केले, आणखी चार चिरून घातले. ओटा मघाच्यापेक्षा घाण झाला आणि मी तो तसाच सोडला. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. फारसं बोललो नाही. ती तीन नंबरच्या मुलाबद्दल सांगत होती, तो गाजरं लपवायला मोजा वापरायचा विचार करतोय म्हणून. मला हे माहीत असणं नियमात बसत नाही, पण मी हसले.

जेवण उरकत आलं तशी तिने फोन घेतला आणि नोंद भरायला लागली. चित्रांवरून बोट फिरत होतं. शेवटच्या प्रश्नाशी ती जरा थांबली, हे मला तिच्या बोटावरून कळलं. मी मान वळवून ओट्याकडे बघत बसले. आपल्याला बघायची परवानगी नाही.

"मावशी," ती फोन ठेवत म्हणाली, "आईला कळव, त्या वसतिगृहाच्या बाईंना फोन नको करू म्हणून. आणि बटाटे आहेत अजून?"

मी कढई टेबलावरच आणली आणि तिला वाढले.